आधी पाणी, मग बाग

पुण्याच्या सारसबागेतील गणपतीला जुने पुणेकर अद्यापि ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. परगावचा पाहुणा हे नाव ऐकून तेथे जातो आणि तळे शोधू लागतो. त्यास हिरवळ दिसते, फुलांचे ताटवे दिसतात, सायंकाळी मुलाबाळांसह आलेल्या कुटुंबांची दाटी दिसते. देवळाजवळ कमळांचे लहानसे कुंडही दिसते. परंतु तळे म्हणावे असे तेथे काही नाही. नाव मात्र खोटे नव्हे. एके काळी हे देऊळ खरोखरच बेटावर उभे होते आणि त्याच्या चहूकडे पाणी होते. तळे गेले, नाव उरले. या नावामागे उद्यानरचनेचा एक धडा दडलेला आहे, तोच आज श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे.

उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम झाडे येतात, मग फुले, मग वाटा आणि बाके. पाण्याचा विचार सर्वांच्या शेवटी, म्हणजे माळ्याच्या हाती रबरी नळी देण्यापुरता. अठराव्या शतकात पुण्याची रचना करणाऱ्यांचा क्रम याच्या नेमका उलट होता. पाणी कोठून येते, कोणत्या वाटेने जाते, त्यास कोठे थांबवावे व कोठे सोडावे, हे ते आधी ठरवीत. बाग त्यानंतर येई.

त्या काळचे पुणे डोळ्यांपुढे आणा. मुठेच्या उजव्या तीरावरील कसबा हा गावाचा जुना भाग. त्याच्या पूर्वेस नागझरी आणि पश्चिमेस आंबील ओढा. हा आंबील ओढा दक्षिणेकडील कात्रजच्या डोंगरांत उगम पावतो आणि उतरत उतरत मुठेस मिळतो. पावसाळ्यात तो दुथडी वाहे आणि उन्हाळ्यात आटून जाई. १७३० साली पहिल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया घातला आणि राज्याचा कारभार येथे स्थिरावला. कारभाराबरोबर सरदार आले, कारकून आले, सावकार व कारागीर आले. पेठा वसू लागल्या. विहिरी आणि उन्हाळ्यात क्षीण होणारी नदी यांवर एवढ्या वस्तीचा निर्वाह होणे कठीण होते. बागांची तर गोष्टच निराळी. विहिरीवर बैल जुंपून मोट चालवावी तेव्हा वाफ्यात पाणी पोहोचावयाचे. मोट थांबली की बाग वाळली.

१७४० साली पेशवाईची वस्त्रे मिळालेल्या नानासाहेबांनी या प्रश्नास हात घातला आणि सुमारे १७५० च्या सुमारास कात्रजची योजना उभी राहिली. ती जितकी साधी तितकीच बुद्धिमत्तेची आहे. ज्या ओढ्याचे पावसाळी पाणी व्यर्थ वाहून जात होते, त्यालाच डोंगराच्या पायथ्याशी बांध घालून दोन तलाव करण्यात आले. वरच्या तलावात गाळ खाली बसावा आणि निवळलेले पाणी खालच्या तलावात उतरावे, अशी ही जोडी. तेथून दगड व चुन्याने बांधलेला, वरून झाकलेला नळ जमिनीखालून पाचसहा मैल चालत शहरात येतो. नळ म्हटल्यावर आजची लोखंडी नळी मनात आणू नये. गाळ काढण्यासाठी माणसास आत उतरून फिरता यावे एवढा तो प्रशस्त आहे. झाकलेला असल्यामुळे उन्हाने पाणी आटत नसे आणि वाटेत घाणही पडत नसे. ठिकठिकाणी या नळावर चौकोनी मनोरे उभारले होते. त्यांस ‘उच्छ्वास’ हे फार समर्पक नाव आहे, कारण नळात कोंडलेली हवा व पाण्याचा दाब यांस तेथे मोकळीक मिळे. यांतले काही मनोरे आजही उभे आहेत, परंतु त्यांच्या शेजारून रोज जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्यांचे प्रयोजन ठाऊक असते.

या साऱ्या यंत्रणेत एकही बैल नव्हता. कात्रज उंचावर आणि शहर सखल भागात, एवढ्या एका गोष्टीवर सारे काम चाले. पाणी आपल्या वजनाने येई आणि पेठापेठांतील हौदांत पडे. शनिवारवाड्यातील कारंजी उडत तीही याच बळावर. पाहणाऱ्यास ती राजविलासाची खूण वाटली असेल. परंतु रचनाकाराच्या दृष्टीने कारंजे म्हणजे उंचावरून आलेल्या पाण्याने आपली उंची थोडी परत मिळविणे, इतकेच होय. पुढे नाना फडणविसांनी नऱ्हे-आंबेगावाकडून आणि रास्त्यांनी कोंढव्याकडून आपापले नळ आणले. फडके हौद, बदामी हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत ती त्याच काळाची आठवण देतात.

आता पुन्हा सारसबागेकडे वळू. १७४९ साली पर्वतीवर देवदेवेश्वराचे मंदिर झाले. टेकडीच्या पायथ्याशी, आंबील ओढ्याच्याच वाटेवर, नानासाहेबांनी एक तळे करविले. असे सांगतात की, खोदाईचे काम रेंगाळलेले पाहून पेशवे हत्तीवरून खाली उतरले आणि स्वतः दगड उचलू लागले. मग बरोबरच्या मंडळींना उभे राहणे अशक्यच झाले. आख्यायिका बाजूस ठेवली तरी काम मोठे होते, यात शंका नाही. तळ्याच्या मध्यभागी थोडी जमीन उंच राखून बेट केले आणि त्यावर बाग लावली, तीच ही सारसबाग. पुढे १७८४ साली सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत तेथे गणपतीची स्थापना झाली. काठावर हिराबाग उभी राहिली. शहराकडे जाणाऱ्या ओढ्याचा प्रवाह वळवून पश्चिमेकडून मुठेस नेण्यात आला आणि त्याच्या जुन्या पात्राची जमीन वस्तीस मोकळी झाली.

या रचनेत एकच गोष्ट अनेक कामे करते. तळे पावसाचे पाणी साठवी. त्यातून मुरलेले पाणी भोवतालच्या जमिनीस ओल देई. बागेस निराळे पाणी द्यावे लागत नसे. टेकडीवरून पाहणाऱ्यास ते दृश्य आल्हाद देई. आणि देवदर्शनास निघालेल्या माणसास काठावर घटकाभर थंडावा मिळे. सौंदर्य व उपयोग यांची येथे फारकत नव्हती. जे उपयुक्त होते त्यासच सुंदर केले होते, आणि म्हणून त्याची निगा राखणे हे केवळ हौसेचे काम राहिले नव्हते.

तथापि, जुन्या काळाचे गुणगान करताना दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली ही की, हे पाणी सर्वांचे नव्हते. डोंगरावरून येताना पाण्याने कोणाची जात विचारली नाही. हौदाच्या काठावर मात्र ती विचारली गेली. पेशवाई जाऊन अर्धे शतक लोटल्यावर, १८६८ साली, जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांस खुला केला, ही घटना क्रांतिकारक ठरावी यातच त्या व्यवस्थेचा दोष उघड होतो. सार्वजनिक स्थळाची रचना कितीही कुशल असो, तिची दारे कोणास उघडी आहेत हा प्रश्न तिच्या गुणवत्तेचाच भाग आहे. दुसरी गोष्ट ही की, ओढ्याची वाट बदलून त्याच्या पात्रावर वस्ती करण्याचा आरंभही याच काळात झाला. फरक इतकाच की, त्यांनी ओढ्याची एक वाट घेतली तेव्हा त्यास दुसरी वाट व विसाव्यास तळे दिले. पुढच्या पिढ्यांनी घेणे तेवढे चालू ठेवले.

इंग्रजी अमलात १८७९ साली खडकवासल्याचे धरण पुरे झाले. पाणी दुरून व मुबलक येऊ लागले, आणि जवळच्या पाण्याची किंमत हळूहळू कमी झाली. हौद ही सोय राहिली नाही, अडगळ झाली. पर्वतीचे तळे गाळाने भरत गेले. अखेर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे आजची सारसबाग आकारास आली. ती लोकप्रिय आहे. जातपात न पाहता सर्वांस खुली आहे, ही तर मोठीच कमाई होय. परंतु पूर्वी जी जागा शहराचे पाणी साठवीत होती, ती आता शहराचे पाणी पिते. बाग राहिली आणि तिचे कार्य उलटे झाले.

ओढ्याने आपली आठवण मात्र सोडलेली नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूस अतिशय जोराचा पाऊस झाला. आंबील ओढ्यास पूर आला. अरण्येश्वर परिसरात भिंती कोसळल्या, घरांत पाणी शिरले आणि अनेक माणसे प्राणांस मुकली. पर्वतीचे तळे शाबूत असते तर हा अनर्थ टळला असता, असे म्हणणे योग्य होणार नाही. कारण अरण्येश्वर त्या तळ्याच्या वरच्या अंगास आहे आणि त्या रात्रीचा पाऊसही असाधारण होता. पण वरपासून खालपर्यंत ओढ्याचे पात्र आवळत आणले, काठाला भिंती भिडविल्या, मोऱ्या अपुऱ्या ठेवल्या, तर पाण्याने जावे कोठे? ज्यांनी प्राण गमावले त्यांनी ओढ्याचा नकाशा आखला नव्हता. आखणाऱ्यांच्या विस्मृतीची किंमत त्यांनी दिली.

यावर उपाय म्हणून कोणी पेशवेकालीन तळे पुन्हा खणू म्हणेल, तर ते बोलणे भाबडेपणाचे ठरेल. पण क्रम तरी पुन्हा सुलटा करता येईल. कोणत्याही मोकळ्या जागेचा आराखडा करणाऱ्याने एक पावसाळा त्या जागी उभे राहून पाणी कोठून येते व कोठे तुंबते ते पाहावे. ओढ्याकाठची पट्टी इमारतीस न देता उद्यानास द्यावी. वर्षातून चार दिवस तेथे पाणी भरले तर बागेचे काही बिघडत नाही, घराचे सर्वस्व बुडते. काठाला करंज, उंबर, जांभूळ यांसारखी झाडे लावावी, त्यांस ओल सोसते व त्यांच्या मुळांनी माती धरून राहते. सखल कोपरा भराव घालून सपाट करण्यापूर्वी, तो सखल का राहिला याची चौकशी करावी. आणि आपल्या सोसायटीच्या अंगणात फरशी घालण्याचा विचार निघाला, तर निदान एका कोपऱ्यातली माती उघडी राहू द्यावी, म्हणजे पावसास तेथे मुरता येईल.

पुढच्या खेपेस आपण मुलांना घेऊन सारसबागेत जाल, तेव्हा देवळाच्या पायऱ्यांवर क्षणभर थांबून पर्वतीकडे पाहावे. मुले विचारतील, ‘तळ्यातला गणपती, मग तळे कोठे आहे?’ त्यांस कात्रजची व त्या ओढ्याची हकीकत सांगावी. उद्या या शहराचे नकाशे त्यांच्याच हातांत यावयाचे आहेत.