पारव्हो प्रतिपिंड-परीक्षण
श्वानांच्या पारव्हो या सांसर्गिक आंत्ररोगाच्या विषाणूविरुद्ध रक्तात निर्माण झालेल्या प्रतिपिंडांचे प्रमाण ठरविण्याची पद्धती. हा विषाणू १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेला व अल्पावधीत जगभर पसरला. पुढच्या पायाच्या नीलेतून घेतलेल्या रक्ताचा रक्तरस दुप्पट-दुप्पट विरल करीत खळग्यांच्या तबकडीत घालतात आणि त्यात विषाणू व डुकराच्या तांबड्या पेशी मिसळून ती ४° से. तापमानास ठेवतात, प्रतिपिंडे पुरेशी असल्यास पेशी तळाशी लाल ठिपक्याच्या रूपाने साचतात, नसल्यास जाळीसारख्या पसरतात.

महाराष्ट्रातील माळढोक अभयारण्याच्या मुलुखात मोकळे हिंडणारे २१९ श्वान व ३३ खोकडे यांच्या तपासणीत (प्रसिद्धी २०१४) ८८ टक्क्यांहून अधिक श्वानांत व ४८ टक्के खोकडांत ही प्रतिपिंडे आढळली. खानदेशातही जळगाव जिल्ह्यातील यावल व धुळे जिल्ह्यातील अनेर ही अभयारण्ये असल्याने, तेथील वन्य प्राण्यांशी संपर्कात येऊ शकणाऱ्या भोवतालच्या गावांतील श्वानांच्या बाबतीत या परीक्षणाचे महत्त्व उघड आहे. मात्र आढळलेली प्रतिपिंडे लसीमुळे, पूर्वसंसर्गामुळे की पिलाच्या बाबतीत मातेकडून आलेली, हे केवळ या परीक्षणावरून कळत नाही. त्यासाठी श्वानाचे वय व लसीकरणाची नोंद पाहावी लागते.