पक्ष नसलेला मंत्री

२० जानेवारी १९८४ रोजी लंडनमधल्या एका पुरस्कार समारंभात ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी एक छोटा विनोदी प्रवेश सादर केला. त्यांच्यासोबत पॉल एडिंग्टन आणि नायजेल हॉथॉर्न हे दोन नामवंत नट होते. बीबीसीच्या ‘येस मिनिस्टर’ या मालिकेत एडिंग्टन हे जिम हॅकर या मंत्र्याची आणि हॉथॉर्न हे त्याच्या खात्याचे सचिव सर हम्फ्री ॲपलबी यांची भूमिका करत. प्रवेशात पंतप्रधान या दोघांना फर्मावतात, की देशातले अर्थशास्त्रज्ञ रद्द करून टाका. दोन्ही नटांना हा प्रकार फारसा रुचला नव्हता. पण पंतप्रधानांना नाही कोण म्हणणार? मालिकेचे सहलेखक जोनाथन लिन यांनी मात्र भाषणात चिमटा काढला. विनोदी मालिकांच्या क्षेत्रात पंतप्रधानांनी आपली योग्य जागा घेतली, याबद्दल त्यांनी बाईंचे आभार मानले.

सभागृहात हशा पिकला आणि प्रसंग संपला. प्रश्न मात्र उरतो. सरकारची टिंगल करणाऱ्या मालिकेवर सरकारच्या प्रमुखाने इतके प्रेम का करावे?

ही मालिका पक्षपाती आहे, असा आरोप तेव्हा फारसा कोणी केला नाही, आणि त्याला कारणही होते. पहिला भाग १९७९ मध्ये तयार झाला होता. पण त्याच वर्षी सार्वत्रिक निवडणूक असल्याने, तिच्या निकालावर परिणाम नको म्हणून बीबीसीने तो रोखून धरला. तो प्रसारित झाला २५ फेब्रुवारी १९८० रोजी. पुढे हॅकर पंतप्रधान झाला आणि मालिकेचे नाव ‘येस प्राइम मिनिस्टर’ झाले. १९८८ पर्यंत दोन्ही मिळून ३८ भाग झाले. या ३८ भागांत हॅकर कोणत्या पक्षाचा, हे एकदाही सांगितलेले नाही. पहिल्या भागात निवडणूक जिंकताना त्याच्या कोटावर जी फीत दिसते, तीही मजूर पक्षाची लाल नाही की हुजूर पक्षाची निळी नाही.

कच्चा मालसुद्धा एकाच बाजूचा नव्हता. मालिकेचा एक मोठा आधार म्हणजे रिचर्ड क्रॉसमन या मजूर पक्षाच्या मंत्र्याच्या रोजनिश्या. १९६४ मध्ये मंत्री झालेल्या क्रॉसमन यांनी आपले सचिव गोड बोलून आपल्याला कसे गुंडाळतात, हे त्यांत तपशिलाने नोंदवले होते. लेखकांना आतल्या गोष्टी पुरवणाऱ्या मार्सिया विल्यम्स आणि बर्नार्ड डोनह्यू या दोघांनीही मजूर पक्षाचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्याबरोबर काम केले होते. तेव्हा दोन्ही बाकांवरचे खासदार ही मालिका पाहून सारखेच हसत, यात नवल नाही.

पक्षपात शोधण्याची आपली नेहमीची रीत इथे तोकडी पडते. आपण नाव, रंग, चिन्ह शोधतो. कोणत्या पक्षाला किती टोमणे मारले, हे मोजतो. दोन्हीकडे सारखे टोमणे असले की निर्मिती निःपक्ष ठरवतो. पण मते पक्षाच्या नावात असतात त्यापेक्षा अधिक कथेच्या रचनेत असतात. पात्रांना काय हवे असू शकते आणि काय हवे असणे शक्यच नाही, हे जिथे ठरते तिथे ती सापडतात.

दुसरे सहलेखक अँटनी जे हे मूळचे बीबीसीचेच. १९६४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि पुढे व्यवस्थापनावर लिहू लागले. जॉन क्लीझ यांच्यासह त्यांनी ‘व्हिडिओ आर्ट्स’ ही कंपनी काढली. खुल्या बाजारपेठेचे पुरस्कर्ते मिल्टन फ्रीडमन यांची ‘फ्री टू चूज’ ही दूरदर्शनमालिका १९८० मध्ये आली. तिच्या निर्मितीत ही कंपनी आणि स्वतः जे यांचा सहभाग होता. म्हणजे एकाच सुमारास जे यांचा हात दोन मालिकांना लागला होता. एक गंभीर चेहऱ्याने सांगत होती, की सरकारने शक्य तितके बाजूला व्हावे. दुसरी सरकारला हसत होती.

या दोहोंना जोडणारा एक विचारही त्या काळी जोर धरत होता. जेम्स ब्युकॅनन आणि गॉर्डन टलॉक यांनी १९६२ मध्ये मांडणी केली, की बाजारातला माणूस जसा स्वतःचा लाभ पाहतो तसाच राजकारणातलाही पाहतो. विल्यम निस्कानेन यांनी १९७१ मध्ये ती नोकरशाहीला लावली : अधिकाऱ्याला आपल्या खात्याचा अर्थसंकल्प वाढवायचा असतो. या चष्म्यातून पाहिले तर लोकहित नावाची गोष्ट उरत नाही. उरते ती मते मिळवणारा मंत्री आणि खाते फुगवणारा सचिव यांची ओढाताण. हॅकर आणि हम्फ्री यांचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही. २००७ च्या एका माहितीपटात जे यांनी हे नाते स्वतःच सांगितले. सरकार नागरिकांच्या भल्यासाठी चालते, ही समजूत खोटी असल्याचे आम्ही मालिकेतून दाखवत होतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

१९८१ मधला एक भाग पाहू. लंडनमध्ये एक नवे कोरे रुग्णालय उभे आहे. तिथे सुमारे ५०० प्रशासकीय आणि इतर कर्मचारी आहेत. डॉक्टर नाहीत, परिचारिका नाहीत. रुग्ण एकच : बांधकामाच्या परातीला अडखळून पाय मोडून घेतलेला उपमुख्य प्रशासक. हॅकर चक्रावतो आणि सर्वांना सारे सुरळीत चाललेले दिसते. हा भाग सरकारी उधळपट्टीचा नमुना म्हणून आजही सांगितला जातो. पण रुग्णालय असे का झाले, याचे कारण संवादातच आहे. त्या वेळी सरकारने खर्चात कपात केली, म्हणून वैद्यकीय विभागासाठी पैसेच उरले नाहीत. हे वाक्य पात्रे बोलतात, प्रेक्षक ऐकतो आणि पुढच्या हशात ते वाहून जाते. लक्षात राहतात ते ५०० कर्मचारी.

इथे काळही पाहायला हवा. १९७९ मध्ये थॅचर सत्तेवर आल्या तेव्हा ब्रिटनच्या मुलकी सेवेत सुमारे ७ लाख ३२ हजार माणसे होती. १९८४ पर्यंत ती ६ लाख ३० हजारांवर आणायची, असे त्यांच्या सरकारने ठरवले. ही कपात मालिकेमुळे झाली, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण दर आठवड्याला हम्फ्रींना पाहणाऱ्या प्रेक्षकाला अशा कपातीचे समर्थन वेगळे पटवून द्यावे लागले नसेल, एवढे म्हणता येते.

क्रॉसमन यांची तक्रार खोटी नव्हती. टोनी बेन यांच्यासारखे डावे नेतेही सचिवांवर तसेच चिडत. त्यांचे उत्तर मात्र वेगळे होते : लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीचे हात बळकट करा. मालिकेत ही वाट बंद आहे. हॅकर अधूनमधून जिंकतो; पण बहुधा हम्फ्रींना पेचात पकडून आणि वर्तमानपत्रातल्या मथळ्यासाठी. सचिव नको, मंत्रीही नको, मग उरते काय, याचे उत्तर पडद्यावर कोणी देत नाही. ते पडद्याबाहेर तयार होते.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेचे. १९९९ ते २००६ या काळात एनबीसीवर चाललेल्या ‘द वेस्ट विंग’चा राष्ट्राध्यक्ष बार्टलेट उघडपणे डेमोक्रॅट होता. टीकाकारांनी मालिकेच्या नावाचीच मोडतोड करून तिला ‘लेफ्ट विंग’ म्हटले. पुढे रेगन यांच्याबरोबर काम केलेल्या पेगी नूनन आणि मार्लिन फिट्झवॉटर यांनाही सल्लागार म्हणून घेतले गेले. या मालिकेचा कल दिसत होता, म्हणून त्याच्याशी भांडता येत होते. हॅकरच्या कोटावरच्या बिनरंगी फितीशी भांडणार कसे?

२००१ मध्ये स्टार प्लसवर ‘येस मिनिस्टर’चा हिंदी अवतार आला, ‘जी मंत्रीजी’. मंत्री झाले होते फारूख शेख. त्याच सुमारास दिल्लीत निर्गुंतवणुकीसाठी स्वतंत्र खाते होते आणि सरकारने कशाकशातून अंग काढून घ्यावे, याची चर्चा रोज चालू होती. विनोद आपल्याकडे सहज रुजला, कारण लाल फितीचा अनुभव आपल्याला कोणी शिकवायला नको. पण ते लंडनचे रुग्णालय आपल्या तालुक्यात आणून पाहा. चित्र उलटे होते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओट्यावर रुग्ण बसलेले असतात आणि आत डॉक्टरची जागा रिकामी असते. ‘पद रिक्त’ हा शब्द गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. तिथे कर्मचारी जास्त झाले म्हणून कोणी अडलेले नसते.

त्या ओट्यावर बसलेल्या बाईला हम्फ्रींची गोष्ट सांगितली, तर तीही हसेल. मात्र सरकार असेच असते, त्याच्याकडून काही होत नाही, असे मानून ती घरी परतली, तर रिक्त जागेचा अर्ज करणार कोण? ३८ भागांपैकी त्या एका भागात कपातीचे कारण सांगणारे एक वाक्य आहे. मालिका पुन्हा पाहताना तेवढे वाक्य ऐकून घ्यावे. हसायला त्यानंतरही पुष्कळ उरते.