फड पद्धत : पाण्याच्या हिशेबाचा खानदेशी धडा

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर जागोजागी जुने बंधारे आढळतात. सुमारे ३०० ते ४०० वर्षे चालत आलेल्या फड पद्धतीचे हे अवशेष. बंधाऱ्यात अडवलेले पाणी पाटाने, केवळ उताराच्या जोरावर, शेतांत येई. भिजणाऱ्या जमिनीचे साधारण चार भाग, म्हणजे फड, पाडलेले असत. एका फडात शक्यतो एकच पीक. पाणी देण्याचे काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याचे.

खरी हुशारी पुढे आहे. बहुतेकांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असे. नदीला पाणी कमी असले, की सगळे फड अर्धवट भिजवण्याऐवजी एखादा कोरडा ठेवत. टंचाई सर्वांच्या वाट्याला सारखी येई.

पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या, बरेच फड मोडले. हिशेब मात्र शिळा झालेला नाही. हवामान बदलते आहे. पाऊस थोड्या दिवसांत कोसळतो आणि मध्येच मोठा खंड पडतो. खानदेशातील कोरडवाहू कपाशीला बोंडे धरताना एखादे संरक्षित पाणी मिळाले, तर पीक तगते. एक हेक्टर जमिनीवर ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे ५०० घनमीटर. शेततळ्यात वापरण्याजोगे १,५०० घनमीटर पाणी असेल, तर ते तीन हेक्टरांना एकदा किंवा दीड हेक्टरला दोनदा पुरेल. दोहोंपैकी काय निवडावे? खंड पडण्यापूर्वीच हे ठरवायला हवे. वर्गात हे गणित जरूर मांडा. उत्तरावर वाद झाला, तर उत्तमच!