वळिवड्याची पाहुणी लेकरं



लग्नसराई आली की आपण गटातल्या बायका साड्यांचे गठ्ठे आणायला गांधीनगरला जातो. मिरजेहून कोल्हापूरच्या गाडीत बसलं की वाटेत वळिवडे स्टेशन लागतं. बाजाराच्या घाईत आपल्या मनातही येत नाही, की इथे एकेकाळी पोलंड देशातली लेकरं वाढली.

1939 साली जर्मनी आणि रशियाने दोन बाजूंनी चाल करून पोलंड वाटून घेतला. 1940 मध्ये रशियाने तिथली लाखो माणसं घरातून उठवली, मालगाड्यांत कोंबली आणि सायबेरियासारख्या थंड मुलखात लाकूडतोडीला, शेतकामाला नेली. उपासमार, थंडी, आजार यांत कितीतरी मुलं पोरकी झाली. 1941 मध्ये जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. बरेचसे बाप्ये फौजेत गेले. बायका-मुलं इराणमार्गे आपल्या देशात आली.

1943 पासून वळिवड्याला त्यांची छावणी वसली. तेव्हा कोल्हापूर संस्थान होतं. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. त्यांनी तिथे आपल्या भाषेतल्या शाळा चालवल्या. दवाखाना, चर्च, नाटकं, मुलांची स्काउट पथकंही होती. अशक्त मुलांना हवापालटासाठी आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला पाठवत.

घर परत मिळेल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्या आयांनी मुलांचं शिकणं थांबू दिलं नाही. उद्याची आशा म्हणजे दुसरं काय असतं?

1948 मध्ये छावणी बंद झाली. अनेकांचं गाव आता रशियाच्या हद्दीत गेलेलं, म्हणून ते इंग्लंड, ऑस्ट्रेलियाकडे गेले. एक मुलगी मात्र कोल्हापूरची सून होऊन इथेच राहिली. पुढे त्याच बराकींत फाळणीत घर गमावलेली सिंधी कुटुंबं आली. त्यांनीच आजचं गांधीनगर उभं केलं. 2019 मध्ये ती पोलिश लेकरं, आता म्हातारी झालेली, वळिवडं पाहायला परत आली होती.

मैत्रिणींनो, ऊसतोड सुरू झाली की आपल्या शिवारातही कोप्या पडतात. त्या लेकरांना लढाईने नाही, पोटाने गाव सोडायला लावलं. पण शाळा त्यांचीही सुटतेच. म्हणून पुढच्या बैठकीत एवढं ठरवूया: कोप्यांवरची मुलं मोजायची आणि अंगणवाडीताईंना, गुरुजींना भेटून त्यांना वर्गात बसवायचं. वळिवड्याच्या आयांना जमलं, ते आपल्याला का जमू नये?