सत्तावीस अक्षरांचा शब्द

इंग्रजीतील सर्वांत लांब शब्द कोणता, हा प्रश्न शाळकरी मुलांना जितका मोहवितो तितकाच तो पंडितांनाही मोहवीत आला आहे. डॉक्टर जॉन्सनने १७६५ साली शेक्सपिअरची नाटके संपादून प्रसिद्ध केली, तेव्हा एका शब्दावर टीप देताना, हा ज्ञात शब्दांतील सर्वांत लांब शब्द म्हणून पुष्कळदा सांगितला जातो, असे त्याने नमूद केले. तो शब्द म्हणजे 'होनोरिफिकाबिलितुदिनितातिबुस'. १५९८ साली छापल्या गेलेल्या 'लव्हज लेबर्स लॉस्ट' या नाटकाच्या पाचव्या अंकात कॉस्टर्ड नावाचा गावंढळ विदूषक तो उच्चारतो. पोकळ पांडित्याची थट्टा करणे, एवढेच तेथे त्याचे प्रयोजन.

रोमन लिपीत या शब्दाची अक्षरे सत्तावीस. व्यंजनानंतर स्वर आणि स्वरानंतर व्यंजन, असा त्यांचा क्रम आरंभापासून अखेरपर्यंत कोठेही मोडत नाही. म्हणूनच देवनागरीत लिहिताना त्यात एकही जोडाक्षर येत नाही. मूळ शब्द मध्ययुगीन लॅटिनमधला. सन्मानास पात्र असण्याची अवस्था, असा त्याचा अर्थ. शेक्सपिअरने तो घडविला नाही. त्याच्या जन्मापूर्वी अडीचशेहून अधिक वर्षे आधी इटालियन महाकवी दांते याने लोकभाषेवरील आपल्या लॅटिन ग्रंथात, काव्यात न मावणाऱ्या अतिदीर्घ शब्दाचे उदाहरण म्हणून त्याचेच एक रूप दिले होते. विद्वानांच्या मंडळीत फिरत असलेले ते एक जुने खेळणे होते.

परंतु पुढे या खेळण्यावर एका मोठ्या वादाचा भार टाकण्यात आला. शेक्सपिअरची नाटके स्ट्रॅटफर्डच्या त्या नटाने लिहिलीच नाहीत; खरा कर्ता तत्त्वज्ञ आणि राजनीतिज्ञ फ्रान्सिस बेकन होय, असे मानणारा एक पक्ष एकोणिसाव्या शतकात उदयास आला. डेलिया बेकन या अमेरिकन विदुषीने १८५७ साली या दिशेने पहिला मोठा ग्रंथ लिहिला. पुढे इग्नेशियस डॉनेलीने १८८८ साली नाटकांच्या मजकुरातच गुप्त लेख दडला असल्याचे प्रतिपादन केले. १९१० साली सर एडविन डर्निंग-लॉरेन्स यांनी तर सारा भर या एका शब्दावर दिला. त्यांनी त्याची सत्तावीस अक्षरे उलटसुलट मांडली आणि त्यांतून एक लॅटिन वाक्य जुळविले. 'एफ. बेकनपासून जन्मलेली ही नाटके जगासाठी राखून ठेवलेली आहेत', असा त्याचा आशय. एकही अक्षर उरत नाही, एकही कमी पडत नाही. मग याहून मोठा पुरावा तो कोणता?

तथापि त्याच सत्तावीस अक्षरांतून आणखी एक शुद्ध लॅटिन वाक्य निघते: 'उबि इतालिकुस इबि दांति होनोर फित'. म्हणजे जेथे इटालियन माणूस तेथे दांतेचा सन्मान. दांतेने तर हा शब्द खरोखरच वापरला होता! तेव्हा बेकनचा पुरावा मानावयाचा तर दांतेचाही मानावा लागेल, आणि १३२१ साली वारलेल्या कवीला एलिझाबेथकालीन नाटकांचे कर्तृत्व बहाल करावे लागेल.

या वादाचा निर्णय अखेर गुप्तलिपीच्या तज्ज्ञांनी केला, आणि त्या तज्ज्ञांना घडविले ते याच वादाने. इलिनॉय राज्यातील जिनीव्हा गावी जॉर्ज फेबियन या धनिकाने रिव्हरबँक नावाची प्रयोगशाळा चालविली होती. तेथे एलिझाबेथ वेल्स गॅलप ही विदुषी बेकनचे गुप्त लेख शोधीत होती. बेकनने १६२३ साली एक द्विवर्णी लिपी खरोखरच वर्णिली होती. तिच्यात अ आणि ब या दोनच खुणांचे पाच-पाचांचे गट करावयाचे. असे बत्तीस गट होतात आणि त्या काळच्या चोवीस अक्षरांना ते पुरून उरतात. दोन किंचित निराळ्या वळणांचे टंक वापरले की साध्या छापील मजकुरात दुसरा मजकूर लपविता येतो. शेक्सपिअरच्या १६२३ च्या आवृत्तीत असेच केले आहे, अशी गॅलपबाईंची श्रद्धा होती.

त्यांच्या साहाय्यासाठी १९१६ साली एलिझेबेथ स्मिथ ही तरुणी तेथे आली. तेथेच आनुवंशिकीवर काम करणारे विल्यम फ्रीडमन यांच्याशी १९१७ साली तिचा विवाह झाला. दोघांनाही गॅलपबाईंना दिसणारा टंकभेद काही केल्या दिसेना. त्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली आणि सरकारने शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्याचे काम रिव्हरबँककडे सोपविले. पुढे १९४० साली विल्यम यांच्या हाताखालील पथकाने जपानची 'पर्पल' ही यांत्रिक गुप्तलिपी भेदली. एलिझेबेथ यांनी दारूबंदीच्या काळात तस्करांचे संदेश उकलले.

१९५७ साली या दांपत्याने शेक्सपिअरविषयक सर्व गुप्तलिपींची परीक्षा करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांची कसोटी साधी होती. उलगडा अर्थपूर्ण तर हवाच. परंतु ठरलेल्या नियमाने गेले असता कोणीही त्याच एका उत्तरापाशी पोहोचले पाहिजे. ज्या किल्लीने हवे ते कुलूप उघडते ती किल्लीच नव्हे. जुन्या छपाईतील टंक झिजलेले आणि सरमिसळ झालेले होते. त्यांत दोन वळणांची शिस्त नव्हती. या कसोटीस बेकनपक्षाची एकही लिपी उतरली नाही.

मात्र बेकनचा उपहास त्यांनी केला नाही. वॉशिंग्टनजवळील आर्लिंग्टन येथे त्यांच्या समाधिशिळेवर 'ज्ञान हेच सामर्थ्य' हे बेकनशी निगडित वचन कोरलेले आहे. त्यातील काही अक्षरांना टोके आहेत, काहींना नाहीत. बेकनच्या रीतीने ती वाचली असता विल्यम फ्रीडमन यांची आद्याक्षरे निघतात, हे २०१७ साली उघडकीस आले. सत्तावीस अक्षरांत जे नव्हते ते लोकांनी शोधून काढले; या शिळेवर जे होते ते मात्र कित्येक वर्षे कोणाच्या दृष्टीस पडले नाही.