नोकरी सांभाळून जपानी अनुवाद शिकणाऱ्यांसाठी प्रस्तावना

दिवसभर कंपनीत जपानी कागदपत्रे वाचायची, ग्राहकांच्या बैठकांत दुभाष्याचे काम करायचे आणि संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी जपानी अनुवादाच्या पदव्युत्तर वर्गाला बसायचे, असा दिनक्रम स्वीकारणारे विद्यार्थी पुण्यात आता नवे राहिलेले नाहीत. ही प्रस्तावना त्यांच्यासाठी आहे. त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात एक शंका घर करून असते. पूर्णवेळ शिकणारा ग्रंथालयात बसू शकतो, आपल्या वाट्याला आठवड्यातले मोजके तास येतात. मग आपला अभ्यास दुय्यमच राहणार का? या विषयाचा इतिहास पाहिला तर मला ही शंका निराधार वाटते.

जपानमधल्या आधुनिक अनुवादाची सुरुवात ज्या पुस्तकापासून सांगितली जाते, ते 'काइताइ शिनशो' १७७४ साली प्रसिद्ध झाले. शरीररचनाशास्त्राचे हे पुस्तक ज्यांनी केले ते पेशाने वैद्य होते. सुगिता गेनपाकु ओबामाच्या सरदाराच्या पदरी होते, माएनो र्योताकु नाकात्सुच्या. १७७१ साली एदोतल्या वधस्थळी एका मृतदेहाचे विच्छेदन पाहायला ही मंडळी गेली, तेव्हा त्यांच्याजवळ एक डच पुस्तक होते. समोर उघडलेले शरीर आणि पुस्तकातली चित्रे तंतोतंत जुळली. जुन्या चिनी वैद्यकग्रंथांतली चित्रे जुळली नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी अनुवाद करायला घेतला. सुगितांना डच जवळजवळ येत नव्हते. माएनोंनी थोडी शब्दसंपत्ती जमवली होती. हाताशी कोश नव्हता. रुग्ण आणि धन्याची चाकरी सांभाळून ते महिन्यातले काही ठरावीक दिवस एकत्र जमत आणि एकेका वाक्यावर तासन्‌तास घालवत. तीन वर्षांहून थोड्या अधिक काळात पुस्तक हाती आले. मज्जातंतूंसाठी 'शिनकेइ' आणि कूर्चेसाठी 'नानकोत्सु' हे शब्द त्यांनी या कामातच घडवले, आणि आजही जपानी डॉक्टर तेच वापरतात. म्हातारपणी सुगितांनी या सगळ्याची आठवण लिहून ठेवली. 'रांगाकु कोतोहाजिमे' या नावाने ती उपलब्ध आहे, आणि पहिल्या सत्रात प्रत्येकाने ती वाचावी असे मला वाटते.

पुढच्या काळातही हेच दिसते. मोरी ओगाइ लष्करात डॉक्टर होते आणि लष्करी वैद्यकसेवेच्या सर्वोच्च पदापर्यंत पोहोचले. हान्स अँडरसनच्या एका कादंबरीचा अनुवाद त्यांनी १८९२ ते १९०१ एवढा काळ चालवला. मध्ये चीनशी झालेले युद्ध होते, कोकुराला झालेली बदली होती. गटेच्या 'फाउस्ट'चा त्यांचा अनुवाद १९१३ साली आला. फुताबातेइ शिमेइ सरकारी राजपत्राच्या कचेरीत नोकरीला होते. तुर्गेन्येव्हचा अनुवाद करताना मूळ रशियन वाक्यातले स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा मोजून तेवढेच ठेवायचा त्यांचा प्रयत्न होता, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहिले आहे. 'गेंजी मोनोगातारी' इंग्रजीत आणणारे आर्थर वेली ब्रिटिश म्युझियममध्ये चित्रविभागात काम करत. १९२५ ते १९३३ या काळात सहा खंडांत त्यांचा 'गेंजी' निघाला, आणि त्यातले पहिले खंड नोकरीत असतानाचे आहेत. वेली जपानला कधीच गेले नाहीत. त्यांनी एक अख्खे प्रकरण गाळले, हेही विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे. मोठ्या अनुवादकाचेही निर्णय तपासायचे असतात.

तेव्हा नोकरी ही या अभ्यासातली अडचण मानू नका. वेळ ती खाते, हे खरे. पण जो मजकूर पूर्णवेळ विद्यार्थ्याला मुद्दाम मिळवावा लागतो तो तुमच्या टेबलावर रोज पडलेला असतो. तांत्रिक तपशिलांच्या दस्तऐवजाला जपानीत 'शियोशो' म्हणतात. अशा दस्तऐवजात या धर्तीचे वाक्य पानोपानी असते : त्रुटी आल्यास प्रक्रिया थांबवून संबंधिताला कळवणे. कोणी कळवायचे? मुळात कर्ता नाही. संगणकप्रणालीने आपोआप ईमेल पाठवायचा, की पाळीवर बसलेल्या माणसाने फोन करायचा? इंग्रजीत उतरवताना कर्ता लिहावाच लागतो, म्हणून अनुवादक कोणाला तरी तिथे बसवतो. त्याचा अंदाज चुकला तर ओसाकातला ग्राहक एक गोष्ट गृहीत धरून चालतो आणि हिंजवडीतला प्रोग्रॅमर दुसरीच बांधतो. अनुभवी अनुवादक अशा जागी थांबतो, आधीची चार पाने चाळतो, आणि तरीही उलगडले नाही तर ग्राहकाला प्रश्न पाठवतो.

आता कावाबातांची 'युकिगुनि' ही कादंबरी घ्या. तिचे पहिले वाक्य जपानी वाचकांना तोंडपाठ असते. सीमेवरचा लांब बोगदा संपतो आणि बर्फाचा प्रदेश लागतो, एवढेच ते सांगते. त्यात आगगाडी हा शब्द नाही, प्रवासीही नाही. वाचक स्वतःच बोगद्यातून बाहेर पडतो. एडवर्ड साइडनस्टिकर यांनी १९५६ साली इंग्रजी अनुवाद केला तेव्हा त्यांनी आगगाडीला कर्ता केले. इंग्रजीच्या स्वभावाला धरून ते योग्यच होते, पण त्या क्षणी वाचक डब्यातून उचलला जाऊन बाहेर उभा राहिला आणि गाडी पाहू लागला. शियोशोमधला हरवलेला कर्ता आणि कावाबातांचा हरवलेला कर्ता हा एकाच भाषेचा एकच स्वभाव आहे. ज्याने दिवसा पहिल्याशी झुंज दिली आहे, त्याला संध्याकाळी दुसरा लवकर दिसतो.

इथे मराठी माणसाला एक मोठी सोय आहे आणि तिच्याकडे अभ्यासक्रमांत फारसे लक्ष दिले जात नाही, याची मला खंत वाटते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, जपानीतही. मराठीत कर्ता गाळता येतो, विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामानंतर लागतात, 'काल आलेला माणूस' असे विशेषण-वाक्य नामाच्या आधी उभे राहते. 'जाऊन, पाहून, विचारून आलो' अशी ऊनकारान्त क्रियापदांची साखळी जपानीतल्या 'ते' रूपांशी मिळतीजुळती आहे. कावाबातांच्या त्या वाक्याचा मराठी अनुवाद करताना आगगाडी आणायची गरजच नाही. जपानी लेखक वाक्यात माहिती ज्या क्रमाने उलगडतो, तो क्रम मराठीत पुष्कळदा जसाच्या तसा ठेवता येतो. इंग्रजीमार्गे आलेल्या मराठी अनुवादात नेमका हा क्रम दोनदा मोडतो.

मात्र मराठीचा एक कणा जपानीत नाही, आणि तिथे खरी परीक्षा आहे. आपले क्रियापद लिंग सांगते. 'मी गेलो' की 'मी गेले', हे ठरवल्याशिवाय मराठी निवेदकाला पहिले पाऊल टाकता येत नाही. जपानी क्रियापद याबाबत गप्प असते. योशिमोतो बानाना यांची १९८८ची 'किचन' ही कादंबरिका वर्गात मी याच कारणासाठी सुचवतो. त्यातली एरिको ही युइचीची आई. पूर्वी ती त्याचे वडील होती. तिच्या आधीच्या आयुष्याबद्दल युइची बोलतो तेव्हा जपानी क्रियापदांना काहीच ठरवावे लागत नाही. मराठीत बऱ्याच भूतकाळी क्रियापदांना 'होते' की 'होत्या' हे ठरवावे लागते, आणि त्या ठरवण्यातून अनुवादकाची एरिकोकडे पाहण्याची दृष्टी उघड होते. युइची तिच्याबद्दल कसा बोलेल, हे मजकुरातून शोधून मग पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ते पाळावे लागते. अशा एका परिच्छेदावर आठवडा गेला तरी तो वाया गेला असे समजू नका.

परीक्षांबद्दल थोडे. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेची सर्वांत वरची पायरी, एन-वन, उत्तीर्ण झालेला विद्यार्थी बऱ्याचदा अनुवादाच्या वर्गात अवघडतो. ती परीक्षा १८० गुणांची असते, उत्तीर्ण व्हायला १०० लागतात, आणि सगळे प्रश्न बहुपर्यायी असतात. तीत एक ओळही लिहावी लागत नाही, बोलावेही लागत नाही. ती तुमचे वाचन आणि ऐकणे मोजते, आणि ते नीट मोजते. पण अनुवाद लिहिताना मराठीच्या किंवा इंग्रजीच्या ताकदीचा कस लागतो, आणि त्या बाजूची तयारी कोणतीही जपानी परीक्षा करून घेत नाही. म्हणून जपानी वाचाल तितकेच चांगले मराठी गद्य वाचा. इरावती कर्वे वाचा, श्री. ना. पेंडसे वाचा.

पदव्युत्तर पातळीवर नवे काय असते, तर अनुवादाला जोडायचे भाष्य. निवडलेला मजकूर अनुवादित करायचा आणि आपण कुठे काय ठरवले व का ठरवले हे सविस्तर लिहायचे, असे प्रबंधाचे स्वरूप अनेक विद्यापीठांत असते. इथे सिद्धान्त उपयोगी पडतात. अनुवाद कोणत्या उद्देशाने होतो यावर त्याचे रूप ठरते, हे जर्मन अभ्यासक हान्स फेरमेअर यांचे म्हणणे शियोशोच्या अनुवादकाला लगेच पटेल. लॉरेन्स व्हेनुटी यांनी १९९५ साली मांडलेला अदृश्य अनुवादकाचा प्रश्न साहित्याच्या वाचकाला भिडेल. जपानी अभ्यासकांपैकी यानाबु आकिरा यांना मी सर्वांच्या आधी ठेवीन. मेइजी काळात समाज, व्यक्ती, हक्क यांसाठी घडवलेले शब्द लोकांनी अर्थ पुरता कळायच्या आधीच कसे स्वीकारले, याचा त्यांनी घेतलेला शोध मराठी वाचकाला फार जवळचा वाटेल, कारण एकोणिसाव्या शतकात आपणही याच वाटेने गेलो आहोत.

यंत्रानुवाद तुमच्या कार्यालयात आलेलाच असेल. तो वापरा, पण त्याने हरवलेला कर्ता कुठे भरला ते प्रत्येक वाक्यात तपासा. मुळात तो नाही याची काही खूण न ठेवता यंत्र एक कर्ता बसवून मोकळे होते, आणि वाक्य इतके सफाईदार असते की मूळ शेजारी ठेवल्याशिवाय चूक दिसत नाही.

सरावासाठी मजकूर निवडताना हक्कांचा विचार आधी करा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि जपानमध्ये ७० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. सोसेकी, अकुतागावा, मियाझावा केंजी, दाझाइ हे दोन्हीकडे मोकळे आहेत, आणि 'आओझोरा बुंको' या १९९७पासून चालणाऱ्या मुक्त ग्रंथसंग्रहात त्यांचे साहित्य विनामूल्य वाचता येते. कावाबाता १९७२ साली वारले. त्यांचा अनुवाद प्रसिद्ध करायचा तर परवानगी घ्यावी लागेल.

मराठीत हायकू शिरीष पैंनी रुजवला, 'तोत्तोचान' घराघरांत वाचले गेले. जपानबद्दल मराठी वाचकाला आस्था आहे. तरीही थेट जपानीतून आलेल्या मराठी पुस्तकांचे कपाट अजून लहानच आहे. ते भरायचे काम नोकरी करणाऱ्यांनाच करावे लागेल, कारण चांगले जपानी येणारी मराठी माणसे आज बहुतांशी नोकरीतच आहेत.

तर सुरुवात अशी करा. अकुतागावाची १९१६ सालची 'हाना' ही छोटी कथा घ्या. कोणताही अनुवाद न पाहता तिची पहिली दोन पाने मराठीत उतरवा, आणि जिथे जिथे कर्ता, लिंग किंवा आदरार्थ तुम्हाला स्वतःला ठरवावा लागला त्या जागांखाली रेघ ओढा. पहिल्या तासाला येताना ती पाने घेऊन या.