प्रश्नोत्तरावली आणि पृथ्वीचा गोल

मिशनच्या शाळेत वरच्या इयत्तांतील मुले काय शिकत, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा दोन शब्दांत देऊन मोकळे होतो. कोणी 'नवी विद्या' म्हणतो, कोणी 'धर्मप्रसार'. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी मिशनशाळांपुरते बोलायचे तर ही दोन्ही उत्तरे आम्हांस अपुरी वाटतात. तेथे या दोन गोष्टी एकाच पाटीवर लिहिल्या जात.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस आले. १८३१ पासून अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे त्यांचे काम सुरू झाले. १८२७ साली आलेल्या सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिका १८३९ मध्ये नगरास गेल्या आणि १८६२ साली तेथेच निवर्तल्या. या शाळांत अक्षरओळख झाली की मुलांपुढे बाळबोध वाचन, अंकगणित, भूगोल हे विषय येत. मुलींना शिवणकाम शिकवीत. जोडीला बायबलातील कथा आणि प्रश्नोत्तरावली. ही तोंडपाठ करायची असे. गंमत अशी की, आरंभीच्या काळात शिकविणारे पुष्कळदा हिंदू, त्यातही ब्राह्मण पंतोजीच असत. घरी संध्या आटोपून आलेला पंतोजी मुलांकडून ख्रिस्ताचे देवत्व घोकून घेतो आहे, हे दृश्य आपल्या कादंबरीकारांच्या नजरेतून कसे सुटले कोण जाणे!

भूगोल हा मिशनऱ्यांच्या लेखी धर्मशिक्षणाचाच भाग होता. पृथ्वीचा गोल समोर ठेवला की मेरूपर्वत आणि क्षीरसागर आपोआप बाजूला पडतील, अशी त्यांची अटकळ. काहींच्या बाबतीत ती खरी ठरली. बेळगाव व मुंबई येथील मिशनशाळांत शिकलेल्या बाबा पदमनजींनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिले. पालकांची भीतीही निराधार नव्हती : १८३९ साली मुंबईत विल्सनसाहेबांच्या शाळेतील पारशी तरुणांनी धर्मांतर केले, तेव्हा तिची पटसंख्या झपाट्याने घसरली.

पण गोल पाहून सगळेच चर्चकडे वळले नाहीत. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८४८ साली त्यांनी फरारबाईंची शाळा पाहिली आणि त्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा काढली. धर्म मात्र बदलला नाही. 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ धोंडिबा आणि जोतीराव यांच्या प्रश्नोत्तरांतून चालतो. या रूपाचा संबंध आपण गुरुशिष्यसंवादाशी जोडतो, आणि तो जोडणे योग्यच आहे. प्रश्नोत्तरावलीत गुरू विचारतो, येथे शिष्य विचारतो. तेव्हा ग्रंथाचे रूप मिशनकडून आले, असा दावा आम्ही करणार नाही. युक्तिवादाची गोष्ट वेगळी. ब्रह्मदेवाच्या अवयवांपासून चार वर्ण झाले हे क्षणभर मान्य केले, तरी इंग्रज लोक कशापासून झाले हे मनूने का लिहिले नाही, अशी शंका या ग्रंथाच्या आरंभीच उभी राहते. ही शंका आम्हांस नकाशासमोर बसलेल्या विद्यार्थ्याची वाटते. जगात इतर देश आहेत, त्यांत माणसे राहतात, एवढ्या साध्या पाठाचा हा उपयोग कोणत्या मिशनऱ्याने कल्पिला असेल?

फुल्यांच्या शाळेतील मुक्ता ही मांग जातीची मुलगी त्याच शिक्षणपरंपरेतली. तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या मिशनच्या पत्रात छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असे तिने त्यात विचारले. मिशनच्या प्रश्नोत्तरावलीत या प्रश्नाचे तयार उत्तर होते. मुक्ताने ते उचलले नाही. तिने प्रश्न थेट देवालाच घातला, आणि पत्राने तो तसाच छापला.